फोरमनची वाटी

कोराडीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे एक रहिवासी आधीपासूनच होता. आमच्या आधीच्या कुटुंबाची बदली झाली होती. जाताना त्यांनी पडद्यांच्या दांड्यांपासून न्हाणीतल्या खुंट्यांपर्यंत सगळं उपसून नेलं आणि बोका तेवढा मागे ठेवला. पिवळा, दांडगा, एक कान फाटलेला. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा तो ओट्यावर बसून एकेक नग डोळ्यांखालून घालत होता. मग उठला, दोन्ही खोल्यांतून चक्कर मारली, मोरीत डोकावला आणि नापसंतीनं बाहेर निघून गेला. बाबा म्हणाले, ‘‘हा तर आमचा फोरमन आहे गा!’’ तेच त्याचं नाव पडलं. मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीपलीकडे भुसारीकाका-काकू राहायचे, तिथे त्याच प्राण्याला गुंड्या म्हणत. दोन्ही नावांना तो ओ देत नसे.

माझे बाबा पॉवर हाऊसमध्ये शिफ्ट ऑपरेटर. त्यामुळे आमच्या घरात दिवस सूर्यावर चालत नसे, शिफ्टवर चालायचा. बाबांची पहिली पाळी असली की पहाटे चारला शेगडी पेटायची, रात्रपाळी असली की दुपारी बारालाच घर झोपल्यासारखं व्हायचं, कारण ते घोरत असत. त्यात राख. कॉलनीत राहिलेल्या माणसाला राखेबद्दल वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते: दसरा उलटून हवा कोरडी झाली की राख न दिसता यायची. दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, उघड्या राहिलेल्या पाण्यावर. आई प्रत्येक भांड्यावर ताटली झाकायची आणि ती ताटलीही वाढण्याआधी पदरानं पुसायची. आज साठी उलटली, राखेपासून कितीतरी लांब राहते, तरी ताटली उचलण्याआधी माझा हात पदराकडे जातो. मी पंजाबी ड्रेस घालते, पदर नसतोच, पण हात जातो.

आई कन्हानची. नदीकाठची मुलगी, माशांशिवाय तिचं पान हलत नसे. रविवारी ताजी मच्छी, इतर दिवशी डब्यातले वाळलेले झिंगे. झिंगे म्हणजे बोटाच्या पेराएवढे सुकवलेले कोळंबीचे चिल्लर भाईबंद. ते तव्यावर भाजायला घेतले की वास पार बसस्टॉपपर्यंत जायचा आणि फोरमन कुठेही असला तरी दोन मिनिटांत हजर. पलीकडे काकूंकडे मात्र दूधभात मिळायचा, तोही चांदीच्या नसेल पण चांदीसारख्या चकचकीत वाटीत. काकूंची एकुलती एक मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेली होती, काका ऑफिसात हेडक्लार्क, कमी बोलणारे. दुपारभर काकूंशी बोलायला फोरमनच असायचा. शिवणयंत्राच्या झाकणावर तो झोपायचा आणि त्या त्याला कॉलनीतल्या बातम्या सांगायच्या. आम्हाला भिंतीवरून ऐकू यायचं.

ती भिंत माझ्या छातीएवढी होती. तिच्यावरून काय काय जात असे! लिंबं, कढीपत्ता, कच्चे आंबे, कधी वाटीभर साखर, शिवायला दिलेले ब्लाउज, जुनी वर्तमानपत्रं. शिजवलेलं काही जात नसे. असं कोणी ठरवलं नव्हतं. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायचो, ते सोनं घेऊन देवळात जायचे, आणि संध्याकाळी दोन्हीकडची माणसं भिंतीशी उभी राहून उकाड्याबद्दल बोलायची. पहिल्या दिवाळीला काकूंकडून फराळाचं ताट आलं होतं. आईनं ते रिकामं परत कसं द्यायचं म्हणून बेसनाचे लाडू करून घातले. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, ‘‘लाडू छान झाले होते हो.’’ त्यानंतरच्या दिवाळीला ताट आलं नाही, गेलंही नाही. स्वयंपाक हा विषयच भिंतीवरून नाहीसा झाला. भाजी काय केली, हे जगातल्या सगळ्या शेजारणी एकमेकींना विचारतात, ते आमच्याकडे कधी कोणी विचारलं नाही. मला त्याचा राग यायचा का? आज येतो. तेव्हा येत नसे. तेव्हा मला नुसतं कुतूहल होतं, की पलीकडच्या स्वयंपाकघराला वास कसा नाही.

मी नववीत होते तेव्हा फोरमन वाळायला लागला. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. आईनं टाकलेली मच्छी तो हुंगायचा आणि निघून जायचा. आई म्हणायची, ‘‘काकूकडे दूधभात हाणून आला असंल, लाटसाहेब.’’ पलीकडे काकू काय म्हणत असतील ते मला नंतर कळलं: ‘‘तिकडे खाऊन आला असेल.’’ दोन्ही घरांत तो दुसऱ्या घरी जेवून यायचा. आणि एकमेकींना विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं म्हटलं की तुमच्याकडे काय शिजलं हे आलंच. एक दिवस तो भिंतीवर उडी मारायला गेला आणि अर्ध्यातून खाली पडला. पडला तो पडला, वर इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहिलं नाही ना म्हणून. मी पाहिलं होतं. मी त्याला उचलला, तर हाताला नुसत्या फासळ्या.

बाबांच्या सुटीच्या दिवशी आम्ही त्याला भाजीच्या टोपलीत घालून बसनं शहरात गुरांच्या दवाखान्यात नेलं. काकूंनी टोपलीत अंथरायला जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा भिंतीवरून दिला. दवाखान्यात आमच्या पुढे दोन बैल आणि एक म्हैस. डॉक्टरांनी टोपलीत पाहिलं आणि म्हणाले, ‘‘कितीतरी दिवसांनी असा पेशंट आला, जो मला तुडवणार नाही.’’ त्यांनी तोंड उघडून पाहिलं, एक कुजलेला दात काढला (फोरमननं त्यांचा अंगठा फोडला), पोट दाबून पाहिलं. मग जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. म्हणाले, ‘‘याचं नाक चोंदलंय. मांजर डोळ्यांनी जेवत नाही, नाकानं जेवतं. वास नाही आला तर समोर अन्न आहे हे त्याला पटतच नाही.’’ म्हातारा आहे, दूध आता पचणार नाही, ते बंद करा. उग्र वासाचं, पातळ आणि गरम असं काहीतरी थोडंथोडं द्या, दिवसातून पाच-सहा वेळा. त्यांनी टेबलावरची एक छोटी वाटी उचलून दाखवली. ‘‘दिवसभरात मिळून एवढं पोटात गेलं तर जगेल. आठवडाभरात वजन उतरलं तर मात्र आशा धरू नका.’’

परतीच्या बसमध्ये मी बाबांना शंभर प्रश्न विचारले. नाक चोंदल्यावर आपल्याला चव लागत नाही, मग त्याला भूक लागते का? भूक लागते आणि कळत नाही कशाची? बाबा म्हणाले, ‘‘मले काय माहीत वं. मोजून पाह्य. जे समजत नाही ते मोजाव, मंग समजते.’’ घरी आल्यावर त्यांनी मला लॉगशीट आणून दिली, एका बाजूनं वापरलेली, दुसऱ्या बाजूनं कोरी. पॉवर हाऊसमध्ये दर तासाला मीटरसमोर उभं राहून जे दिसतं ते तिच्यात लिहायचं असतं. मी पट्टीनं रकाने आखले: वेळ, काय दिलं, किती खाल्लं, कोणी दिलं. पुठ्ठ्याला चिमटा लावून ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगली, पेन्सिल दोऱ्यानं बांधली. दोन्ही बाजूंनी हात पोचेल अशी. डॉक्टर काय म्हणाले ते काकूंना सांगायला मी भिंतीशी गेले, तेव्हा त्यांच्या हातात दूधभाताची वाटी आधीच होती. म्हणून मी वाटी किती, वेळा किती, सगळं सांगितलं आणि दूध बंद, तेवढं सांगितलं नाही.

त्या आठवड्यात भिंतीवर जी वाचावाची चालली ती पाहण्यासारखी होती. काकूंचं अक्षर मोत्यासारखं: ‘सकाळी ८, मऊ दूधभात, पाव वाटी.’ आई भांडी घासता घासता उठून वाचून यायची. ‘‘अवं शीले, हे लोक दोन्ही टाइम त्याले दूधभातच देते काय? काहून नाही वाळंल तो!’’ आणि मग स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहायची: ‘९ वाजता. मच्छी. अर्धी वाटी.’ संध्याकाळी मी शाळेतून आले की काकू मला हळूच विचारायच्या, ‘‘शीला, हे झिंगे म्हणजे काय गं असतं? वाळल्या पाल्यासारखं असतं का?’’ मी सांगायची. त्यांचा चेहरा वाकडा व्हायचा, पण पुढचा प्रश्न तयारच असायचा. किती वेळ भाजता? पाणी घालता? हळद? इतकी वर्षं शेजारी राहून दोघी एकमेकींच्या चुलीबद्दल पहिल्यांदाच वाचत होत्या, तेही माझ्या गणिताच्या पट्टीनं आखलेल्या रकान्यांत.

आकडे वाढत गेले. काकूंनी पाऊण वाटी लिहिली की संध्याकाळी आईची एक वाटी. दुसऱ्या दिवशी काकूंची एक वाटी आणि ‘चाटूनपुसून’. चौथ्या दिवसापर्यंत कागदावर फोरमन दिवसाला तीन वाट्या खात होता. मी खूश. सातव्या दिवशी त्याला पिशवीत घालून कॉलनीतल्या किराणा दुकानात नेलं. दुकानदार आधीच्या आठवड्यातही हसला होता, तेव्हा फोरमन पावणेतीन किलो भरला होता. आता पुन्हा म्हणाला, ‘‘काय वं, भाव वाढायची वाट पाहून राहिली काय? घेतो मी, बोल.’’ त्यानं पारड्यात वजनं टाकली आणि हसायचा थांबला. अडीच किलो. त्यातही फोरमनचं पारडं खाली झुकायला तयार नव्हतं. मी तिथेच रडायला लागले. रडता रडता मला एकच गोष्ट समजत नव्हती, की तीन वाट्या गेल्या कुठे.

बाबा दुपारच्या पाळीला निघाले होते, डबा हातात. त्यांनी उभ्याउभ्या लॉगशीट वाचली. आधी हसले. मग म्हणाले, ‘‘शीले, मी पहिले जिथं होतो ना, तिथं एक ऑपरेटर होता. मीटरपर्यंत जायचाच नाही. खुर्चीवर बसून मागच्याच्यावर थोडं चढवून आकडा टाकायचा. बसल्या जागी रीडिंग. हे दोन्ही ऑपरेटर तसेच आहे.’’ मग चप्पल घालताना हळू म्हणाले, ‘‘वाईट नको वाटून घेऊ. दोघींले खोटं बोलायचं नसते, बोका जाईल म्हणून त्याईले भेव वाटते.’’ बाबा फार शिकले नव्हते, पण माणसाचं खोटं कशातून येतं ते त्यांना कळायचं. पुढं मी नोकरीत तीस वर्षं बॉयलरच्या पाण्याचे नमुने तपासले. कोणाचा आकडा फारच सुंदर दिसला की मला भिंतीवरची ती पेन्सिल आठवायची.

त्या दुपारी मी शाळा बुडवली आणि आमच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाआड, उंच दगडावर बसून भिंतीपलीकडे पाहिलं; काकूंचं मागचं दार उघडंच होतं. काकूंनी शिवणयंत्रावरून फोरमनला अलगद उतरवलं, वाटी पुढे केली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत काहीबाही बोलत राहिल्या. त्यानं वाटीकडे पाहिलंही नाही. बराच वेळ गेला. मग त्यांनी वाटी तुळशीच्या मागे रिकामी केली, भिंतीशी आल्या, पेन्सिल घेतली. मी उठून उभी राहिले. काकूंच्या हातातून पेन्सिल सुटली आणि दोऱ्याला लोंबकळत राहिली. ‘‘काकू, तो अर्धा पाव उतरला... नाही, पूर्ण पाव किलो,’’ मी म्हणाले, ‘‘आणि दूध द्यायचंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते. मीच सांगितलं नाही तुम्हाला.’’ त्या तिथेच पायरीवर बसल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘‘माझ्या हातचं खाऊन नाही राहिला गं तो. आठ दिवस झाले. तुझी आई एवढं एवढं लिहीत होती, मला वाटलं तिकडे तरी खातो आहे. म्हटलं, मग माझंच काय लिहायचं.’’ भिंतीच्या अलीकडे आमच्या मोरीत भांड्यांचा आवाज थांबला होता. आई उठून आली. ओले हात तसेच. म्हणाली, ‘‘मी बी खोटंच लिवलं, काकू. इकडे त्यानं दाणा बी नाही खाल्ला.’’

मग आईनं जे केलं ते विचार करून केलं असं मला वाटत नाही. ती आत गेली आणि झिंग्यांचा डबा काढला. मूठभर झिंगे करपायच्या बेतापर्यंत भाजले, पाट्यावर वाटले, पाणी घालून उकळले, कपड्यातून गाळले. फोरमन काकूंच्या दारातून हलायला तयार नव्हता आणि शिजवलेलं भिंतीवरून द्यायची सवय नव्हती, म्हणून मी वाटी घेऊन फाटकातून वळसा घालून काकूंच्या मागच्या दारी गेले. पोचेपर्यंत ते कोमट झालं होतं. फोरमननं मान फिरवली. परत नेलं, तापवलं, आणलं. पुन्हा कोमट. ‘‘गरम पाहिजे,’’ मी म्हणाले, ‘‘कढत. नाकाशी वाफ गेली पाहिजे.’’ काकूंनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत देवाच्या कोनाड्याकडे पाहिलं. मग आतून वातींचा स्टोव्ह उचलून अंगणात आणून ठेवला. नाकावर पदर घेऊन त्यांनी स्वतः काडी ओढली. मला आजही तो स्टोव्ह दिसतो, अंगणाच्या मधोमध, कुठल्याच घराचा नसल्यासारखा. पण वारा सुटला होता. ज्योत एकीकडे पळायची, आणि वाटीवरची ताटली काढली की दोन मिनिटांत कढणावर राखेची साय धरायची. एकदा फेकलं. दुसऱ्यांदा फेकलं. आईनं भिंतीवरून तिसऱ्यांदा करून दिलं आणि म्हणाली, ‘‘बस, इतकेच होते झिंगे घरात.’’

काकू त्या वाटीशी किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग स्टोव्ह विझवला, उचलला आणि आत गेल्या. दारातून म्हणाल्या, ‘‘ये गं आत. चप्पल काढ आणि ये.’’ त्या घरात मी पहिल्यांदा स्वयंपाकघरापर्यंत गेले. वास होता तिथेही: तुपाचा, हिंगाचा, उदबत्तीचा. थोड्याच वेळात त्या सगळ्यांवर आमच्या घराचा वास चढला. काकूंनी फोरमनला मांडीवर घेतलं, वाटी त्याच्या नाकाशी धरली. वाफ त्याच्या तोंडावर गेली. तो शिंकला. पुन्हा शिंकला. मग नाकपुड्या हलल्या, मान पुढे आली, आणि लप लप असा आवाज सुरू झाला. तो आवाज मी आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक पुन्हा कधी ऐकला नाही. भिंतीपलीकडून आई ओरडली, ‘‘खाल्लं काय वं?’’ आणि काकूंनी मला बोलू दिलं नाही. स्वतःच ओरडल्या, ‘‘चार चमचे! मोजून चार!’’

त्या दिवसापासून लॉगशीटवर खरे आकडे आले. दोन चमचे, तीन चमचे, काही नाही, पाच चमचे. गरीब आकडे, पण किराणा दुकानाच्या काट्यानं त्यांना साथ दिली. झिंगे आई भाजायची, तापवायच्या काकू, त्यांच्या स्टोव्हवर, आमच्या वाटीत. काकांनी पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावला आणि पेपर घेऊन पुढच्या ओट्यावर गेले. आठवड्यानं ते आत बसूनच पेपर वाचू लागले. फोरमन पुन्हा भिंतीवर चढला नाही, पण अंगणात फेऱ्या मारायला लागला, तपासणीच्या थाटात. डॉक्टरांनी आठवड्याची भीती घातली होती, त्यानं सगळी थंडी काढली. ऊन तापायला लागलं तेव्हा एका सकाळी शिवणयंत्रावरच गेला. शाळेतून आले तर लॉगशीटवर शेवटची ओळ मोत्यासारख्या अक्षरात होती: ‘सकाळी ७. गरम केलं होतं. खाल्लं नाही.’ तो कागद माझ्याकडे अजून आहे.

बाबांनी पेरूखाली खड्डा केला, काकूंनी लुगड्याचा तोच तुकडा दिला. नंतर तीन-चार दिवस भिंतीशी कोणी आलं नाही. मग एक दिवस शेगडीवर वांगी भाजून आई भरीत फोडणीला टाकत होती, मी दारात बसून अभ्यास करत होते. पलीकडून काकूंची हाक आली. आमची झिंग्यांची वाटी घासूनपुसून त्यांच्या हातात होती, पण त्या ती देत नव्हत्या, नुसत्या धरून उभ्या होत्या.

‘‘शीलाच्या आई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ते बेसनाचे लाडू मी खाल्ले नव्हते हो. भांडेवालीला दिले होते.’’

आई पदराला हात पुसत भिंतीशी गेली. ‘‘मले माहीत आहे. तिनंच नळावर सांगतलं होतं.’’

काकूंनी मान खाली घातली. आत भरीत चरचरत होतं, मी उठून शेगडीवरून उतरवावं की नाही ते मला कळेना.

मग काकूंनी वाटी भिंतीवरून पुढे केली आणि विचारलं, ‘‘आज भाजी काय केली?’’

‘‘भरीत,’’ आई म्हणाली. ‘‘वांग्याचं. देऊ काय?’’

‘‘द्या,’’ काकू म्हणाल्या. ‘‘गरमच द्या.’’